गाडी आफ्रिकेला नेली आणि परत आणली: कार्नेटचा माझा अनुभव

स्वतःची गाडी बोटीने परदेशी न्यायची म्हटली की सगळे आधी भाडं विचारतात. माझ्या मते त्याच्याही आधी ठरवायला हवं की गाडी तिकडे कायमची ठेवायची की परत आणायची. कर आणि नियम सगळे त्यावरच ठरतात. केनियात गाडी कायमची न्यायची तर ती आठ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, शिवाय आयात शुल्क, अबकारी कर आणि १६ टक्के व्हॅट भरावा लागतो. आम्हाला परत आणायची होती.

दादा नैरोबीत असतो. बोटीने गाडी केनियातल्या मोंबासा बंदरात पाठवायची, दादाकडे राहायचं, मग टांझानिया बघत दार-ए-सलामला जाऊन तिथून गाडी परत पाठवायची, असा बेत होता. तिकडे भाड्याने गाडी घ्या, असं अनेकांनी सुचवलं. पण सोबत आई होती. तिच्या पाठीच्या दुखण्यासाठी आमच्या स्कॉर्पिओची सीट मुद्दाम बदलून घेतली आहे, आणि लांबच्या प्रवासात तिला तेवढी एकच सीट सोसते. डावीकडून गाडी चालवायची पद्धत दोन्ही देशांत आपल्यासारखीच, त्यामुळे तीही काळजी नव्हती.

अशा तात्पुरत्या प्रवासासाठी कार्नेट लागतं. मोटार संघटना ते देतात. मुंबईत चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे. कार्नेट म्हणजे गाडी मुदतीत परत बाहेर नेईन, तुमच्या देशात विकणार नाही, ही त्या देशाच्या कस्टम्सला दिलेली हमी. हमी नुसती तोंडी नसते, त्यामागे बँक गॅरंटी द्यावी लागते. तिची रक्कम गाडीची किंमत आणि जायच्या देशांतले कराचे दर बघून ठरते, आणि ती मोठी असते. आम्ही त्यासाठी मुदत ठेव अडकवली. पुण्याहून कोणी असा बेत करत असेल तर मी कळकळीने सांगेन की विमानाची तिकिटं काढायच्या आधी बँकेत जाऊन या.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट संगम पुलाजवळच्या आरटीओतून मिळालं. पासपोर्ट, लायसन्स आणि हजार रुपये फी. त्याची मुदत एक वर्ष, कार्नेटचीही तेवढीच.

न्हावा शेवाला गाडी कंटेनरमध्ये चढवायच्या आधी टाकीत अगदी थोडं डिझेल ठेवलं. आत चढल्यावर बॅटरीच्या तारा काढल्या, चाकांना लाकडी ठोकळे लावले, पट्ट्यांनी गाडी आवळली. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कार्नेटवरच्या नंबरांशी एकेक आकडा वाचून जुळवला. आमचा क्लिअरिंग एजंट, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणारा माणूस, म्हणाला, "मॅडम, गाडीत लोणच्याची बरणीसुद्धा ठेवू नका. कागदावर नसलेली वस्तू सापडली तर गाडी अडकते." दादासाठी बांधलेलं सगळं सामान मी तिथेच उतरवून घेतलं. एजंटच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आधीच हिशेबात धरावा.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा. वरचा भाग आपल्या पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही वेळचे शिक्के बसावे लागतात. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाच्या लेखी गाडी तिथेच आहे, आणि आयातीचा सगळा कर ते संघटनेकडे मागू शकतात. संघटना तो आपल्या गॅरंटीतून वळता करते.

नमांगाला याची फार काळजी घ्यावी लागते. केनिया-टांझानियाची ही सीमाचौकी एकत्रित आहे. केनियातून बाहेर पडल्याचं काम आणि टांझानियात शिरल्याचं काम एकाच इमारतीत, जवळजवळच्या खिडक्यांवर होतं. गर्दी असते, मागे ट्रकवाले उभे असतात, एक शिक्का बसला की झालं असं वाटतं. मी आईला बाकावर बसवलं आणि केनियाच्या पानावर बाहेर पडल्याचा शिक्का, तारीख, सही उमटलेली बघितल्याशिवाय पुढच्या खिडकीकडे गेले नाही. कार्नेटने फक्त आयात कर टळतो. रस्ता वापरायचं शुल्क वेगळं भरावं लागतं, आणि विमाही वेगळा. आम्ही कोमेसा यलो कार्ड, म्हणजे आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत चालणारं गाडीच्या विम्याचं कार्ड, घेतलं होतं, ते टांझानियातही चालतं.

परतीला दार-ए-सलामच्या बंदरात टांझानियाचा शिक्का घेतला. न्हावा शेवाला पुन्हा चेसिस नंबर तपासला, कारण गेलेलीच गाडी आली हे आपल्या कस्टम्सलाही पटवावं लागतं. तसं पटलं नाही तर ती परदेशातून आणलेली जुनी गाडी ठरते, आणि अशा गाडीवरचं शुल्क किमतीच्या शंभर टक्क्यांहून जास्त आहे. गाडी सुटल्यावर कार्नेटचं पुस्तक मी स्वतः चर्चगेटला नेऊन दिलं. सगळी पानं तपासून झाल्यावर संघटनेने बँकेला पत्र दिलं आणि आमची ठेव मोकळी झाली.