तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मशीन वाजतंय आणि सिस्टर नुसतं बटण दाबून जातात, असं कसं?’

आयसीयूत काम करणाऱ्या प्रत्येक सिस्टरला हा प्रश्न ऐकावा लागतो. कुणी रागाने विचारतं, कुणी चाचरत. मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे सांगली-कोल्हापूरपासून पार अथणी-विजापूरपर्यंतचे पेशंट इथे येतात. प्रश्न मराठीतून येवो की कन्नडमधून, असतो हाच. व्हेंटिलेटर ओरडत होता, सिस्टर आल्या, एक नजर टाकली, बटण दाबलं आणि दुसऱ्या बेडकडे गेल्या. आमच्या माणसाचं काय?

भेटीच्या वेळेत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी बटणाचं. ते दाबल्याने अलार्म बंद होत नाही, आवाज थांबतो, तोही बहुतेक मशीनवर दोन मिनिटांपुरता. स्क्रीनवरची लाल किंवा पिवळी पट्टी तशीच राहते आणि कारण दूर झालं नसेल तर दोन मिनिटांनी मशीन पुन्हा वाजायला लागतं. तुम्हाला दिसतो तो बटणावरचा हात. त्याआधी डोळ्यांनी काय काय तपासलं ते दिसत नाही. छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलते आहे का, ओठ काळेनिळे पडले आहेत का, मॉनिटरवर ऑक्सिजन किती, तोंडातून श्वासनलिकेत घातलेली ट्यूब दातांपाशी कितव्या आकड्यावर आहे. बायकांत ती साधारण २१ सेंटीमीटरवर आणि पुरुषांत २३ वर बांधलेली असते. सकाळी २१ वर होती आणि आता १८ दिसते, म्हणजे ट्यूब बाहेर सरकली. हे सगळं पाहायला सवयीच्या माणसाला तीन-चार सेकंद पुरतात. म्हणून आमचा नियम आहे, आधी पेशंट, मग मशीन. नव्या मुली आल्या की पहिल्या आठवड्यात त्या स्क्रीनकडेच बघत राहतात. त्यांची मान पेशंटकडे वळवणं हेच आमचं पहिलं शिकवणं.

आवाजांतही प्रतवारी असते. अलार्मसाठी आयईसी ६०६०१-१-८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार सर्वांत तातडीच्या अलार्मला दहा टिपांचा (बीपचा) झटका आणि लुकलुकणारा लाल दिवा, मध्यमला तीन टिपा आणि पिवळा, त्याखालच्याला एखाद-दुसरी टीप. त्यामुळे पाठमोरी असले तरी कुठल्या बेडवरून काय वाजलं ते मला कळतं. तीन टिपा ऐकून मी हातातलं इंजेक्शन पूर्ण करते. दहा टिपा ऐकल्या तर ट्रे खाली ठेवते.

आता सगळ्यात जास्त वाजतो तो, हाय प्रेशरचा. मशीन फुफ्फुसात हवा ढकलतं तेव्हा दाब किती चढला ते मोजतं आणि आम्ही घातलेली मर्यादा ओलांडली की ओरडतं. मर्यादा बहुधा ४० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाच्या आसपास ठेवलेली असते. कारणं ढीगभर. पेशंट खोकला, ट्यूब दातांनी चावली, ट्यूबमध्ये बेडका अडकला, कूस बदलताना नळी मुडपली, दम्याच्या पेशंटच्या श्वासनलिका आवळल्या, ट्यूब खोल जाऊन एकाच फुफ्फुसात शिरली. आणि ज्याची आम्हाला खरी भीती असते ते म्हणजे फुफ्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा साठली. यातल्या खोकल्याला काहीच करावं लागत नाही, बेडक्याला सक्शन, म्हणजे बारीक नळीने तो ओढून काढणं लागतं, आणि शेवटच्याला डॉक्टरांनी त्याच क्षणी छातीत सुई किंवा नळी घालावी लागते. आवाज मात्र तिन्हींना एकच.

मग फरक कसा ओळखायचा? खोकल्याचा अलार्म दोन-तीन श्वासांत आपोआप थांबतो. बेडका असेल तर छातीवर हात ठेवला की घरघर तळव्याला लागते. पोकळीत हवा साठली तर एक बाजू हलत नाही, बीपी झपाट्याने उतरतं, ऑक्सिजन पडतो. त्यातूनही शंका उरली तर डॉक्टर श्वास आत गेल्यावर मशीन क्षणभर रोखून धरतात. वाहती हवा थांबल्यावर दाब लगेच उतरला तर अडथळा वाटेत आहे, ट्यूबमध्ये किंवा श्वासनलिकांत. तसाच चढा राहिला तर फुफ्फुसच कडक झालंय किंवा बाहेरून दाबलं जातंय. हा रोखलेला दाब ३० च्या आत राहावा यासाठी सगळी धडपड असते.

इथे एक गोष्ट नातेवाईकांनाच काय, नव्या स्टाफलाही ठाऊक नसते. हाय प्रेशरची मर्यादा गाठली की मशीन नुसतं ओरडत नाही, तो श्वास तिथेच तोडतं आणि झडप उघडून हवा बाहेर सोडतं. म्हणजे फुफ्फुस फाटण्यापासून वाचतं, पण त्या श्वासाची हवाही पेशंटला पुरती मिळत नाही. म्हणून ‘सारखं वाजतंय, मर्यादा वाढवून टाका’ हा उपाय मला चालत नाही. वाढवायची असेल तर कारण सांगून डॉक्टरांनी वाढवावी आणि चार्टवर लिहावी.

भेटीच्या वेळी हा अलार्म हमखास होतो, त्याचंही सांगते. मुलगा येतो, कानाशी वाकून म्हणतो, “आई, डोळे उघड, मी आलोय.” आई डोळे उघडते, बोलायला जाते. ट्यूब स्वरयंत्रातून गेलेली असल्यामुळे आवाज निघत नाही, खोकला येतो, दाब चढतो, मशीन ओरडतं आणि मुलगा दोन पावलं मागे सरकतो. त्याला वाटतं, मी हात लावला म्हणून काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. उलट हाकेला ओ देण्याइतकी आई शुद्धीवर आहे ही चांगली खबर आहे. हात धरा, बोला, फक्त प्रश्न विचारू नका. उत्तर द्यायला गेलं की खोकला येतो.

आणि खरंच आवाज आला तर? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटने ‘आं’ केलं, कण्हल्याचा आवाज आला, की बाहेरचे खूश होतात, “बोलल्या हो!” आम्ही मात्र धावतो. ट्यूबच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, तो श्वासनलिकेच्या कडेची फट बंद ठेवतो. त्यात २० ते ३० सेंटीमीटर पाण्याइतका दाब लागतो. कमी पडला तर हवा आणि लाळ दोन्ही चुकीच्या दिशेने जातात, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते. आवाज आला म्हणजे हवा स्वरयंत्रातून निसटते आहे. फुगा बसला तरी असेल किंवा ट्यूब वर तरी आली असेल.

इथून आपण ‘लो’ अलार्मांकडे येतो. माझ्या मते भीती बाळगायची ती यांची. हाय प्रेशर म्हणजे हवा कुठेतरी पोचते आहे, जोर लागतोय. लो प्रेशर, लो व्हॉल्यूम म्हणजे हवा पेशंटपर्यंत जातच नसेल. सर्किट, म्हणजे मशीनपासून पेशंटपर्यंतच्या नळ्या, निसटलं, फिल्टरचा जोड सैल झाला, गुंगी उतरताना पेशंटने स्वतःच ट्यूब ओढली. हाताची बोटं सैलसर बांधलेली दिसली की तुम्हाला वाईट वाटतं, ते याच्यासाठी असतं.

आकड्यांत सांगते. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईला मशीनचा श्वास किती द्यायचा ते तिच्या खऱ्या वजनावर ठरत नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं. ते येतं साधारण ५२ किलो. फुफ्फुस फार आजारी असेल तर किलोमागे ६ मिली, म्हणजे एका श्वासाला सुमारे ३१० मिली. मिनिटाला २० श्वास धरले तर सहा लिटरच्या थोडं वर. (म्हणून आम्ही झोपलेल्या पेशंटची टेपने उंची मोजतो. शिंप्यासारखं काय मोजताय, असं एका आजोबांनी विचारलं होतं.) आता तिच्यासाठी कमीत कमी हवेची मर्यादा साडेचार लिटरवर ठेवली तर गळती लवकर कळेल. आधीच्या पेशंटची दोन लिटरची मर्यादा तशीच राहिली, तर निम्म्याहून जास्त हवा वाया जाईपर्यंत मशीन गप्प बसेल. त्यामुळे ड्युटी बदलताना हँडओव्हरमध्ये मी औषधांच्या आधी अलार्मच्या मर्यादा वाचून घेते.

मोड, म्हणजे मशीनची श्वास द्यायची पद्धत, बदलला की अलार्मही बदलतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. ठरलेली हवा देणाऱ्या मोडमध्ये बेडका अडकला की दाब चढतो आणि हाय प्रेशर वाजतो. ठरलेला दाब देणाऱ्या मोडमध्ये तोच बेडका अडकला तर दाब चढतच नाही, फक्त आत जाणारी हवा घटत जाते. तिथे लो व्हॉल्यूमची मर्यादा नीट घातलेली नसेल तर ट्यूब जवळजवळ बंद होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

बाकीचे थोडक्यात. सर्किटमध्ये वाफेचं पाणी साठून डचमळलं की मशीनला तो पेशंटचा श्वास वाटतो आणि मिनिटाला चाळीस-पन्नास श्वास दिसू लागतात. पाणी काढलं की आकडा ताळ्यावर येतो, फक्त ते पेशंटच्या तोंडाकडे ओघळू द्यायचं नाही. पेशंटने स्वतः श्वास घ्यायचा अशा मोडवर ठेवलं असताना साधारण वीस सेकंद श्वास आला नाही तर ॲप्नियाचा, म्हणजे श्वास थांबल्याचा, अलार्म होतो आणि मशीन आपणहून श्वास द्यायला लागतं. लाइट गेली की बॅटरीचा अलार्म होतो, जनरेटर लागला की थांबतो.

ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा अलार्म वेगळा. तो एका बेडवर वाजला तर भिंतीतला पॉइंट बघायचा. सगळ्या बेडवर एकदम वाजला तर सिलिंडरकडे धावायचं, कारण बिघाड पेशंटमध्ये नाही, पाइपलाइनमध्ये आहे. २१ एप्रिल २०२१ ला नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. तेव्हापासून ड्युटीवर आल्यावर भरलेले सिलिंडर किती आणि त्यांची चावी कुठे लटकवली आहे, हे मी वॉर्डातल्या मामांना विचारल्याशिवाय राहत नाही. चावी सापडत नसेल तर भरलेला सिलिंडरही लोखंडाचा ठोकळाच.

आणि काहीच उमगत नसेल, ऑक्सिजन पडत असेल, तर? तर शोधत बसायचं नाही. मशीन सोडवायचं, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावायची, शंभर टक्के ऑक्सिजनवर हाताने श्वास द्यायचा आणि ओरडून डॉक्टरांना बोलवायचं. पेशंट सुधारला तर दोष मशीनचा किंवा सर्किटचा. नाही सुधारला तर ट्यूब किंवा छाती तपासायची. बॅग दाबताना हाताला बरंच कळतं, कडक लागते की फुसकी जाते ते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्लेगडॅम रुग्णालयात भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून श्वास बंद पडलेल्या पेशंटच्या गळ्यातून नळी घातली गेली आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशव्या हाताने दाबल्या, आठवडेच्या आठवडे. अलार्म नव्हता. त्या मुलांचे तळवेच अलार्म.

आता तुमच्या प्रश्नातला खरा भाग. कधी कधी सिस्टर न बघताच बटण दाबतात का? दाबतात. मी नाही म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठ रुग्णालयात अतिदक्षता विभागांच्या ७७ बेडांवरचे अलार्म ३१ दिवस मोजले होते. २०१४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात मॉनिटरचेच २५ लाखांहून जास्त अलार्म निघाले. त्यातले आवाज करणारे एका बेडमागे दिवसाला १८७. व्हेंटिलेटर आणि सलाईनचे पंप यात धरलेलेच नाहीत. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ मध्ये इशारा दिला तेव्हा साडेतीन वर्षांतल्या अलार्मशी संबंधित ९८ घटना मांडल्या, त्यांतल्या ८० मध्ये रुग्ण दगावला होता. कान मरतात ते असे. हे आळशीपणाचं नाही, पण म्हणून माफ करण्यासारखंही नाही.

त्यावर ‘सिस्टरांनी जास्त लक्ष द्यावं’ एवढं म्हणून भागत नाही. फुकटचे अलार्म कमी करावे लागतात, मर्यादा पेशंटनुसार घालाव्या लागतात, पेशंटच्या छातीवरची मॉनिटरची चिकटपट्टी वेळेवर बदलावी लागते. आणि माणसं लागतात. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर, हा सांगितलेला नियम. रात्री दोनला प्रत्यक्षात एकीकडे दोन किंवा तीन व्हेंटिलेटर असतात, आणि एका पेशंटचं सक्शन चालू असताना दुसऱ्याकडे वाजलं तर हातमोजे घातलेला हात अर्धवट सोडून जाता येत नाही.

म्हणून पेशंटला ॲडमिट करताना पॅकेज आणि मेडिक्लेमबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती व्हेंटिलेटर असतात? डॉक्टर रात्री आयसीयूतच असतात की फोनवर? पाइपलाइन पडली तर सिलिंडर किती वेळ पुरतील? काउंटरवरचा माणूस गडबडेल, कुणाला तरी बोलावून आणेल. बोलावू द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभे राहा. भेटायला आलात आणि मशीन वाजलं, तर नळीला हात न लावता बेडच्या पायथ्याशी सरका आणि मला सरळ विचारा, “सिस्टर, हे कशाचं वाजलं?” मला सांगता आलं नाही, तर माझ्या इन्चार्जना विचारा.