तुम्ही विचारलंत म्हणून: गळा आहे, मग पेटीच का?

गेल्या पाच-सहा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. "अगं तुझा गळा चांगलाय, मग गात का नाहीस, पेटी काय वाजवत बसतेस?" आणि त्याला जोडून लगेच दुसरा, "मग पुढे काय, कायम साथच करणार का?" लग्नाच्या हॉलमध्ये विचारलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारलंय, कार्यक्रम संपल्यावर विंगेत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, खोळ घालत असताना विचारलंय, परवा तर डोंबिवली फास्टमध्ये मांडीवर पेटी घेऊन बसले होते तर शेजारच्या काकूंनी विचारलं. दरवेळी मी "आवडते म्हणून" एवढंच सांगते, कारण खरं उत्तर लांब आहे आणि ते कणकवलीच्या बाजूला, आमच्या वाडीत सुरू होतं. पण आता इतक्या जणांनी विचारलंय तर एकदा सगळं नीट लिहूनच टाकते.

माझा आजो परळला गिरणीत होता. लालबागच्या चाळीत आमच्याकडच्या माणसांचं भजनी मंडळ होतं, त्यात आजो बुवा, म्हणजे पेटी वाजवणारा आणि पुढे गाणारा, आणि ती पेटी त्याने एका वर्षीच्या बोनसमधून घेतलेली. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, तो मिटला असं कोणी शेवटपर्यंत म्हणालं नाही, वर्षभराने आजो एक ट्रंक आणि ही पेटी घेऊन गावाला आला तो परत गेलाच नाही. आमच्या घरात त्या गिरणीची आठवण म्हणून दुसरं काही नाही, फोटो नाही, कागद नाही, फक्त पेटी आहे. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, डबल सुरांची (सूर म्हणजे आतल्या पितळेच्या जिभा). मी रांगत असताना तिच्या भात्याला धरून उभी राहिले असं आजी सांगायची, मला ते अर्थातच आठवत नाही, पण भात्याच्या आतला तो जुन्या लाकडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास अजून कुठेही आला की मी आपोआप थांबते.

कोकणात पेटी सांभाळणं हेच एक काम आहे. पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, सुरांवर हिरवट थर चढतो, उंदीर भाता कुरतडतात. आजो श्रावणात पेटीच्या खोक्यात चाळीसचा बल्ब लावून ठेवायचा आणि मला त्या खोक्याच्या फटीतून येणारा पिवळा उजेड बघत झोपायला आवडायचं. सातवीत असताना त्याने मला सूर लावायला शिकवलं. पितळेची ती जीभ टोकाकडे अगदी हलकी खरवडली की सूर चढतो, आणि मुळाशी खरवडली की उतरतो, आणि हे सगळं इतक्या हलक्या हाताने की एक जास्तीचा ओढा गेला तर कामच वाढतं. मी दोन सूर फुकट घालवले तेव्हा तो काही बोलला नाही, तिसरा माझ्या हातात दिला.

वाजवायला मात्र त्याने कधी शिकवलं नाही, म्हणजे इथे बोट ठेव तिथे बोट ठेव असं कधीच नाही. मी पट्ट्यांकडे बघायला लागले की म्हणायचा, "बोटां बघू नको गो, आयक." बस. एवढंच त्याचं शिकवणं.

तुम्ही आमच्याकडचं भजन ऐकलं नसेल तर थोडं सांगते. वारकरी भजनापेक्षा ते वेगळं आहे. बुवा स्वतः पेटीवर, बाजूला पखवाज, झांज, टाळ, मागे कोरस, आणि अभंग, गौळण झाल्यावर येतो तो गजर. गजराला शब्द थोडेच, देवाचं नाव आणि एक-दोन ओळी, पण सगळा जीव चालीत असतो. हळू सुरू होतो आणि चढत चढत जातो, शेवटी झांज अशी तापते की बसलेला माणूस बसून राहू शकत नाही. गणपतीत मंडळी घरोघर फिरतात, एका घरी उसळ-पाव, दुसऱ्या घरी करंज्या, पहाटेपर्यंत. डबलबारी असली तर दोन बुवा समोरासमोर, एकाने गजरातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक बुवाला दरवर्षी नवी चाल पाहिजे, कारण लोक लक्षात ठेवतात, "ह्यो गजर गेल्या वर्षाचो" असं मागून कोणीतरी म्हणतंच.

देवळात भजनी सप्ताह असतो तेव्हा रात्रंदिवस भजन चालू ठेवायचं असतं, वाड्यांच्या पाळ्या लागतात. मी बारा वर्षांची होते, आमची पाळी रात्री तीनची, आजोच्या पाठीत उसण भरली आणि भजन तर थांबवता येत नाही, त्याने मला खुणेने बोलावलं. कोणीतरी मागून म्हणालं, "आता चेडू पेटी वाजवतला?" (चेडू म्हणजे मुलगी.) आजो म्हणाला, "वाजवतला. तुमी टाळ धरा." मी दीड तास वाजवलं. गायले नाही, गाणारे बाकीचे होते, मी फक्त त्यांच्या खाली सूर धरून होते, आणि त्या दीड तासात मला पहिल्यांदा कळलं की सोळा माणसं एकाच वेळी माझ्या बोटांवर उभी आहेत. एकाचा आवाज बसत आला की ऐकू येत होतं, कोणाला झोप येतेय ते ऐकू येत होतं. गाताना मला हे कधीच ऐकू येत नाही. गाताना मला फक्त मी ऐकू येते.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे झालं.

पुढे कॉलेजसाठी मुंबईला आत्याकडे आले आणि एका सरांकडे शास्त्रीय साथ शिकायला लागले, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही देत गेले, नोकरी लागली तरी संध्याकाळी क्लास सुटला नाही. तिथे साथीचं खरं काम समजलं. गाणाऱ्याच्या किंचित मागे राहायचं पण मागे पडायचं नाही. तो श्वास घेतो तेवढ्या फटीत भरणा करायचा पण त्याची पुढची जागा आधीच सांगून टाकायची नाही. तबल्याच्या सोलोला लेहरा धरला तर तीनतालाची सोळा मात्रांची तीच ओळ चाळीस मिनिटं, एकदाही कंटाळा न दाखवता, कारण तबलजी त्या ओळीवर झोपाळा बांधून हवेत गेलेला असतो. आणि दरबारी रागातला गंधार आला की बोटं उचलून गप्प बसायचं. तो गंधार झुलतो, पेटीच्या पट्टीवर तो नाहीच.

ह्याच गप्प बसण्यावरून पेटीचा केवढा मोठा अपमान झालाय ते मला विसाव्या वर्षी कळलं आणि मी खरंच रडले होते. मार्च १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंदच करून टाकली, १९७१ पर्यंत. खुद्द रवींद्रनाथ ठाकूर तिच्या विरोधात होते. कारणं दोन सांगितली जायची: पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, येत नाही आणि तिचे सूर खरे नाहीत. आणि ह्यातलं खोटं काहीच नाही हेच तर दुखतं. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण चौदा भाग चढा असतो, तानपुरा नीट लागलेला असला की तो फरक मला टोचतो. शिवाय ती परदेशी. पॅरिसला १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं वाद्य, चर्चमधून फिरत आपल्याकडे आलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात त्याला हाताचा भाता आला आणि मग कुठे ते जमिनीवर मांडी घालून बसलं.

पण मग तुळशीदास बोरकरांची पेटी ऐका. गोव्यात बोरीला जन्मलेला माणूस, मधुकर पेडणेकरांचा शिष्य, २०१६ मध्ये पद्मश्री. पट्टीवर मींड नाही हे त्यांनाही माहीत होतं ना. तरी दोन स्वरांच्या मधली जागा ते भात्याच्या दाबाने आणि बोट उचलायच्या वेळेने अशी काही भरतात की कानाला मींड ऐकू येते, जी तिथे नाहीच आहे. जे वाद्यात नाही ते ऐकणाऱ्याच्या कानात तयार करायचं, ह्याहून मोठी कला मला तरी माहीत नाही.

आणि गोविंदराव टेंबे. मला कोणी "कायम साथच का" विचारलं की माझ्या मनात पहिल्यांदा त्यांचं नाव येतं. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला साथ करणारा पेटीवाला, आणि १९११ मध्ये 'मानापमान' ह्या संगीत नाटकाच्या चाली त्याच्या. शंभर वर्षांहून जास्त झाली, त्या चाली अजून लोकांच्या तोंडात आहेत, दरवर्षी कुठल्यातरी शाळेतली मुलगी त्यातलं एक पद घेऊन स्पर्धेला उभी असते. साथ करत करत ज्याचे कान इतके भरले त्याच्याच बोटांतून चाली येणार ना, मला हे अगदी सरळ वाटतं.

आता उरलेलं अर्धं उत्तर. चौदाव्या वर्षी मी पहिला गजर बांधला. भीमपलास रागाच्या अंगाने जाणारी साधी चाल, नुसतं विठ्ठलाचं नाव आणि एक ओळ. त्या गणपतीत आमच्या मंडळाने तो घरोघर म्हटला, पुढे आजोचा आवाज आणि पेटीवर मी. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री आम्ही खळ्यात बसलो होतो, पाऊस थांबलेला, आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीतून भजन ऐकू यायला लागलं. मी ताडकन उठून उभी राहिले. माझी चाल! त्यांना माहीतही नव्हतं कोणाची ते, कुठेतरी ऐकली, आवडली, उचलली. आणि दुसऱ्या ओळीत एका जागी त्यांनी निषादावर थोडं जास्त थांबायला सुरुवात केली होती आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. आजो विडी बाजूला ठेवून ऐकत होता. म्हणाला, "बघ गो, तुझी चाल व्हाळापलीकडे गेली."

मला आयुष्यात नक्की काय पाहिजे ते त्या रात्री ठरलं. माझा आवाज लोकांनी ऐकावा असं मला वाटतच नाही, माझी चाल लोकांच्या गळ्यात असावी असं वाटतं. गायला लागले असते तर मी माझ्या गळ्यासाठीच चाली बांधल्या असत्या, ज्या जागा मला येतात त्याच. पेटीला गळा नाही म्हणून ती मला सगळ्यांच्या गळ्यांचा विचार करायला लावते.

हो, वाईट वाटण्यासारखं काही होत नाही असं नाही. एका मोठ्या कार्यक्रमात निवेदकांनी सगळ्यांची नावं घेतली, ध्वनिव्यवस्थेचं, फुलांच्या सजावटीचं, आणि पेटीचं राहिलं. घरी येऊन आत्याशी दोन शब्द बोलले नाही मी. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत रियाजाला बसलेच.

आजो २०१९ मध्ये गेला. त्यानंतर वाडीतलं पुरुषांचं मंडळ विस्कटलं, पोरं मुंबई-पुण्याला, पण बायकांनी मंडळ काढलंय, माझी आई त्यात आहे. आणि इथे एक अडचण आहे जिच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. गजराच्या चाली पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बुवांनी स्वतःच्या आवाजासाठी बांधल्यात, सगळा जोर तारसप्तकात, म्हणजे वरच्या सप्तकात. बायकांनी तीच चाल आपल्या काळी पाचच्या पट्टीत घेतली की वरचा पंचम ओरडल्यासारखा येतो, पट्टी उतरवली की खालचा भाग झांजेखाली ऐकूच येत नाही. मग लोक म्हणतात, बायकांचं भजन रंगत नाही. अहो, चालच त्यांची नाहीये तर रंगेल कशी?

तर माझं सध्याचं स्वप्न एवढं आहे: बारा गजर, बायकांच्या पट्टीत, मध्यसप्तकात फिरणारे, आणि चढायचं ते आवाजाने न चढता लयीने चढायचं, पखवाज आणि झांजेच्या जोरावर. सात पक्के झालेत. फोनमध्ये दीडशेच्या वर व्हॉइस नोट आहेत, अर्ध्या लोकलमध्ये गुणगुणलेल्या. पुढे कधीतरी ह्याच गजरांवर नुसत्या पेटीचा दीड तासाचा कार्यक्रम करायचाय, गाणं अजिबात नाही, पेटी, पखवाज, झांज, आणि तो पहिल्यांदा आमच्या देवळाच्या सभामंडपात करायचाय. आजोची पेटी त्यासाठी दुरुस्तीला दिलीये, गुजरातच्या पालिताण्याचे नवे सूर घालायचेत, भाता बदलायचाय, पट्ट्या मात्र त्याच ठेवा म्हटलंय, मधल्या सप्तकात त्याच्या बोटांचे खळगे पडलेत. तयार झाली की कोकणकन्येने घेऊन जाणार, मांडीवर.

आठवा गजर गेल्या आठवड्यात आईला पाठवला होता. काल रात्री तो व्हॉट्सअ‍ॅपवर परत आला, सहा बायकांनी ओटीवर बसून म्हटलेला, मागे कुत्रं भुंकतंय, टाळ एकीकडे चाललाय, आणि दुसऱ्या ओळीत मी मध्यमावर थांबले होते तिथे त्या न थांबता सरळ पंचमावर गेल्यात. चार वेळा ऐकलं. वहीतला मध्यम खोडून पंचम लिहिला.