कॅसाब्लांकातला भाजणीचा महिना

रमजानच्या आधीचा महिना शाबान. त्या दिवसांत आमच्या इमारतीचा जिना भाजलेल्या तिळाच्या वासाने भरून जातो. मोरोक्कोचा रमजान म्हटलं की सगळे फोटो टाकतात शेबाकियाचे, म्हणजे कणकेच्या पट्ट्या एकमेकींत ओवून केलेलं, तळून मधात बुडवलेलं फूल. दिसतं फार देखणं, पण ते चार बायका मिळून बसल्या तरच उरकतं. शहरात बरेच जण आता ते किलोवर विकत आणतात. माझा जीव जडला आहे तो सेल्लूवर, म्हणजे भाजलेला मैदा, तीळ आणि बदाम यांच्या गोड, मोकळ्या मिश्रणावर. काही घरांत त्याला स्फूफ म्हणतात.

सेल्लूला पाक नाही, साचा नाही, हातचलाखी नाही. सगळी मदार भाजण्यावर! आमच्या मजल्यावरच्या हाज्जांचं (वयस्कर बाईला इथे आदराने हाज्जाच म्हणतात) प्रमाण आहे एक किलो मैद्याला अर्धा किलो तीळ आणि अर्धा किलो बदाम. मैदा परातीत पसरून ओव्हनमध्ये ठेवायचा आणि मधूनमधून हलवत पार बिस्किटाच्या रंगावर आणायचा. गार झाला की चाळायचा, कारण गाठी होतातच. जुन्या वस्त्यांत गल्लीची सामायिक भट्टी, फर्रान, अजून टिकून आहे. तिथे घरचे पाव भाजायला जातात, तशी मैद्याची परातही जाते.

तिळाचं काम मात्र वेळखाऊ. निवडले तरी ते भरपूर पाण्यात टाकायचे आणि वरचे वर हाताने उचलून घ्यायचे, म्हणजे बारीक खडे तळाशी राहतात. मग गच्चीवर चादरीवर वाळवायचे आणि मंद आचेवर भाजायचे. झाले की नाही हे हाज्जा रंगावरून ठरवत नाहीत. एक दाणा चिमटीत घेऊन चुरडतात. पीठ झालं तर गॅस बंद, नुसता चपटा झाला तर अजून थोडं. बदाम निम्मे सोलून आणि निम्मे सालीसकट तळायचे. मग दोन्ही तेल सुटेपर्यंत दळायचे. मूठभर तीळ आणि बदाम अख्खे मागे ठेवायचे.

मसाल्यात दालचिनी, बडीशेप, तिच्याहून बारीक दाण्यांची अ‍ॅनिस आणि किंचित मस्तकी. मस्तकी म्हणजे ग्रीसच्या खिओस बेटावर होणारी झाडाची राळ. नुसती कुटली तर खलाला चिकटून बसते, म्हणून चमचाभर साखरेबरोबर कुटतात. शेवटी पिठीसाखर, मध आणि वितळवलेलं लोणी. लोण्याचा वरचा फेस काढतात आणि तळाचा पांढरा साका टाकून देतात. दुधाचा अंश गेला की सेल्लू डब्यात दोन महिने सहज टिकतो. एवढं सगळं परातीत घेऊन हाताने मळत राहायचं. आधी कोरडं वाटतं, पण मळता मळता तिळाचं तेल सुटतं आणि मिश्रण ओलसर होतं. घाबरून आणखी लोणी ओतलं, तर दुसऱ्या दिवशी हाताला तूपच लागतं.

इथेही बाळंतिणीला सेल्लू खायला घालतात, आणि बाळ बघायला येणाऱ्यांपुढेही तोच ठेवतात. डिंकाचे लाडू खाऊन वाढलेल्या माणसाला यात काही नवल वाटू नये. फरक एवढाच, की सेल्लू वळत नाहीत. बशीत त्याचा डोंगर रचतात, वरून पिठीसाखर भुरभुरवतात आणि तळलेल्या बदामांच्या रेघा ओढतात. इफ्तारला हरीरा सूप आणि खजूर झाल्यावर चमच्याचमच्याने खायचा. सोबत पुदिन्याचा चहा हवाच, नाहीतर घशात बसतो. तो चहा इथे भयंकर गोड असतो. मी बिनसाखरेचा मागते, त्याची आता कुणी दखल घेत नाही. पहाटे सहरीलाही अनेक जण सेल्लूच खातात, दिवसभर आधार राहतो म्हणून.

घरी करून बघणार असाल तर लोण्याऐवजी साजूक तूप बिनदिक्कत वापरा. मस्तकी नाही मिळाली तर सोडून द्या, बडीशेप मात्र सोडू नका. आणि वेलचीचा मोह आवरा. मी हाज्जांना विचारलं होतं, थोडी घालू का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "ती कॉफीत घाल," म्हणाल्या आणि परात आपल्याकडे ओढून घेतली.