मास्टरच्या नॉबवर टेप

पुण्यात एका क्लबमध्ये मी दोन वर्षं दर शुक्रवारी वाजवायचो, नाव राहू दे, आता बंदच पडलाय तो. मिक्सर जुना अ‍ॅनालॉग आणि त्याच्या मास्टरच्या, म्हणजे एकूण आवाजाच्या नॉबवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, नॉब हलूच नये म्हणून. मालकाचं म्हणणं, तुम्ही डीजे लोक आवाज वाढवून स्पीकर फाडता.

मग आम्ही काय करायचो, चॅनलचा ट्रिम, म्हणजे गाणं मिक्सरमध्ये शिरतानाच आवाज वाढवणारा नॉब, फुल्ल! अकरानंतर गर्दी वाढली की मिक्सरवरचे सगळे दिवे लाल, आणि खरं सांगतो, तेव्हा लाल बघून भारी वाटायचं. पण मास्टर येतो सगळ्यात शेवटी. सिग्नल आधीच ट्रिमपाशी फाटलेला असतो, वेव्हची टोकं छाटलेली, मग मास्टर कितीही खाली ठेवा, तोच फाटका आवाज हळू ऐकू येणार. हळू वाटतोय म्हणून कुणीतरी मागे जाऊन अ‍ॅम्पचा गेन वाढवून ठेवलेला. छाटलेल्या वेव्हमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी वाढतात आणि त्या सगळ्या जातात बिचाऱ्या ट्विटरकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे. एका रात्री डावीकडून हाय-हॅटच (ड्रमच्या झांजेचा छिक-छिक आवाज) गायब, नुसतं धुप धुप.

दुसऱ्या दिवशी साउंडवाले दादा आले, त्यांनी स्पीकरला हातसुद्धा लावला नाही, आधी मिक्सरच्या मागे टॉर्च मारला. एक्सएलआर आउटपुट (तीन पिनवाले, प्रोफेशनल) रिकामे आणि अ‍ॅम्पला गेलेली साधी घरगुती आरसीए वायर, तीपण लाइटच्या केबलला चिकटून. म्हणून गाणं थांबलं की घूंऽऽ यायचं, आम्हाला वाटायचं एसी आहे. सिग्नलची घरगुती लेव्हल म्हणजे साधारण 0.316 व्होल्ट, प्रोफेशनल 1.23 व्होल्ट, जवळपास 12 डेसिबलचा फरक, तो आम्ही ट्रिम पिळून भरून काढत होतो. दादांनी टेप ब्लेडने कापली, वायर बदलली, अ‍ॅम्प खाली आणला आणि म्हणाले, "पिवळ्या दिव्याच्या वर गेलास तर मला फोन करू नको."

आता लोक विचारतात कुठला मिक्सर भारी, पायोनियरचा डीजेएम-900 की अ‍ॅलन अँड हीथचा झोन 92, की ते न्यूयॉर्कच्या जुन्या डिस्कोमधल्या बोझॅकसारखे नुसत्या गोल नॉबवाले रोटरी. फरक आहे, झोनचा फिल्टर मला स्वतःला जाम आवडतो. पण यूट्यूबवरून ओढलेली 128 केबीपीएसची, म्हणजे हलक्या क्वालिटीची फाइल लावायची आणि दोष मिक्सरला द्यायचा, हे काय चाललंय? (आणि आपल्याकडे डीजे म्हटलं की लोकांना मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते, तो विषयच वेगळा.)

रूमचं मात्र दादांनाही काही करता आलं नाही. 50 हर्ट्झची, म्हणजे बेसची एक वेव्ह जवळपास 7 मीटर लांब, आणि आमचा डान्स फ्लोअर जेमतेम तेवढाच. भिंतीवरून परतलेल्या वेव्हमुळे काही जागी उभं राहिलं की बेस पोकळ, भिंतीकडे सरकलं की छातीत बसणारा. सगळ्यात कडक बेस मिळायचा टॉयलेटच्या दाराशी, कोपऱ्यात, आणि तिथे रांगेतच लोक नाचायचे.