नोंद सातवी: स्पर्धेतून माघार, आणि ढोल पुसावा तरी कशाने?

ढोल-ताशाच्या सरावात चौथ्या हातावरून (हात म्हणजे वाजवण्याचा ठरलेला ताल) पाचव्यावर जाताना लय पळते, हे रडगाणे मागच्या नोंदीत सविस्तर गाऊन झाले होते, आणि २० ऑगस्ट २०२३च्या स्पर्धेपूर्वी तिचा बंदोबस्त करूच, असे मी छातीठोकपणे लिहिलेही होते. बंदोबस्त झाला, स्पर्धा मात्र राहिली. डोळ्यांच्या साथीमुळे आमच्या पथकाने गेल्या बुधवारी, ९ तारखेला, स्पर्धेतून नाव मागे घेतले.

जुलैमध्ये आळंदीतील शाळकरी मुलांचे डोळे हजारोंच्या संख्येने आले, त्या वेळी नदीपात्रातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यावर विनोदच चालले होते. पहिला लाल डोळा ताशाच्या रांगेत दिसला. तीन दिवसांनी चार वादक गैरहजर होते आणि आठवडा संपता संपता हा आकडा एकोणीसवर गेला. आमच्याकडे बत्तीस ढोल आणि ते वाजवणारे चौसष्ट जण आहेत, म्हणजे सरावाच्या मध्यावर प्रत्येक ढोल एका कमरेवरून सुटून दुसऱ्या कमरेला बांधला जातो. पट्टा घामाने भिजलेला असतो आणि टिपरूची, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीची, मूठही ओलीच हातात येते. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला की वादक मनगटाने डोळा पुसतो आणि त्याच हाताने पुढची थाप पानावर, म्हणजे ढोलाच्या तोंडावर ताणलेल्या पडद्यावर, मारतो. आठ वर्षे मीही हेच करत आलो आहे. त्या पानावर माझ्यामागून कोणाचा हात पडणार आहे, याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

माघारीच्या बैठकीत वाद झाला नाही असे नाही. आयोजकांनी समजूतदारपणे तीसऐवजी वीस ढोलांवर उतरण्याची मुभा दिली होती आणि तेवढे निरोगी वादक आमच्याकडे होतेही. एका ज्येष्ठ वादकाने तर सर्वांनी काळे गॉगल लावून वाजवावे, असा प्रस्ताव मांडला. पांढरा झब्बा, भगवा फेटा आणि काळा गॉगल हे दृश्य मला मनापासून आवडले असते. परंतु ही साथ नजरेला नजर भिडल्याने पसरत नाही, ती हातांवरून पसरते, हे त्यांना ध्वजाच्या रांगेतल्या मुलीने समजावले. ती नेत्रविभागात शिकाऊ डॉक्टर आहे. स्पर्धेच्या ठिकाणी सगळी पथके एकाच मंडपात तासन् तास खोळंबून असतात, एकमेकांचे ढोल उचलायला हात लावतात, दोऱ्या ताणून देतात. आज ठणठणीत दिसणाऱ्या आमच्या वीस जणांपैकी उद्या कोणाचे डोळे येतील, हे सांगता येत नव्हते. २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि त्या वर्षीचा गणेशोत्सव कसा धास्तावलेला गेला, हे पाहिलेल्या दोघा-तिघांनी माघारीच्या बाजूने मत दिल्यावर विषय संपला. प्रवेश शुल्क बुडाले. निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे, आणि तरीही घरी येताना मी कोणाशी बोललो नाही.

आता खरी डोकेदुखी. वाद्ये निर्जंतुक कशी करायची? टिपरूच्या बाजूचे फायबरचे पान, पिंपाचा पत्रा आणि कड्या यांचा प्रश्न नाही. ब्लीचच्या सौम्य पाण्याने पुसून कोरड्या फडक्याने टिपले की काम झाले. प्रश्न थापेच्या चामडी पानाचा आहे. प्रयोग म्हणून एका जुन्या ढोलाचे पान आम्ही त्याच पाण्याने पुसले. तासाभरात ते असे उतरले की घुमाऱ्याऐवजी ओल्या गादीवर हात मारल्यासारखा ढब ढब आवाज येऊ लागला. दुसऱ्या दिवशी ते वाळले, ताणले गेले आणि कडेजवळ बोटभर चिरले. पान चढवणाऱ्या आमच्या कारागिरांनी तो ढोल पाहून जे शब्द वापरले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. सॅनिटायझरने चामड्यातले तेल निघून जाते, आणि या साथीमागे बहुधा ज्या अ‍ॅडिनोव्हायरसचा हात असतो, त्याच्यावर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही, कारण त्या विषाणूला अल्कोहोलने विरघळणारे स्निग्ध आवरणच नसते. हातांसाठी साबण आणि पाणी हेच खरे. नुसते वाट पाहणेही फारसे उपयोगाचे नाही, कारण कोरड्या पृष्ठभागावर हा विषाणू कित्येक दिवस, कधी आठवडेही तग धरतो.

यंदापुरती दोन्ही बाजूंना फायबरची पाने चढवावीत, असा सल्ला एका विक्रेत्याने दिला. पावसाळी हवेत फायबर उतरत नाही, हे मान्य आहे. पण थापेला फायबर लावलेला ढोल मला पत्र्याच्या डब्याचा मोठा भाऊ वाटतो. यावर पथकात मतभेद आहेत आणि ते राहोत.

शेवटी ढोलांवर रंगीत चिकटपट्ट्या लावून क्रमांक टाकायचे, प्रत्येकाने आपापले टिपरू आणायचे, पट्ट्याला धुता येईल असा सुती गलेफ शिवायचा आणि एका ढोलावर एकच वादक ठेवायचा, असे ठरले. हे लिहिताना मात्र त्यातली खोट लक्षात येत आहे: अशाने अर्ध्या वादकांचा सराव बुडेल. त्यापेक्षा कायमच्या जोड्या लावल्या तर? दोन सख्ख्या बहिणी एका ढोलावर, वसतिगृहातले खोलीसोबती दुसऱ्यावर. जे एरवीही एकाच घरात वावरतात, त्यांनी ढोलही वाटून घेतला तर साथीला नवे दार उघडत नाही. आज रात्रीच यादी करायला बसतो.

आता त्या पाचव्या हाताविषयी. शुक्रवारी सरावाला अकरा ढोल आणि तीन ताशे एवढेच होते. एरवी बत्तीस ढोलांच्या गदारोळात जे कधीच ऐकू आले नसते, ते त्या ओसाड शेडमध्ये स्वच्छ ऐकू आले. ताशाची तर्री (सलग झड) संपते, तिथे मागची रांग आधी पाऊल टाकते आणि थाप त्या पावलाच्या मागून येते. मग ती उशिराची थाप भरून काढण्यासाठी सगळेच पुढची मात्रा आखडतात. दोन महिने आम्ही ताशेवाल्यांना दोष देत होतो! मागच्या रांगेला जागच्या जागी उभे करून तोच हात वाजवायला लावला, तेव्हा लय जराही हलली नाही. मग पाऊल टाकत वाजवला. तिसऱ्या फेरीला तो असा बसला की टोल (ठोके द्यायची धातूची थाळी) धरणारा मुलगा हसत हसत एक ठोका विसरला.

यंदा अधिक श्रावण आल्यामुळे गणपती थेट १९ सप्टेंबरला आहेत, म्हणजे सरावाला अजून महिनाभर हातात आहे. डोळ्यांची लाली आणि पाणी पूर्ण थांबल्याशिवाय कोणालाही शेडमध्ये घेणार नाही, मग तो कितीही चांगला वादक असो. औषधाच्या दुकानातून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून लाली घालवून येणाऱ्यांसाठीही हाच नियम आहे, आणि असे दोघे सापडले आहेत.

ताजी भर: जोड्यांची यादी झाली. एकाच घरातल्या किंवा खोलीतल्या नऊच जोड्या निघाल्या. बाकीच्यांना एका ढोलावर एक याच हिशेबाने दिवसाआड बोलवावे लागेल. मी सोमवारच्या गटात आहे, आणि गॉगलवाले ज्येष्ठही त्याच गटात आहेत.