उलटी ओळ सरळ करणाऱ्यांच्या तावडीत

माझ्या चित्रपुस्तकातली रेवा आणि तिचे आजोबा न्हाणीघरातल्या पितळी बंबात बसून भूतकाळात जातात. मुक्काम: बोरीबंदर, 16 एप्रिल 1853. ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी पकडायची असते. साहिब, सिंध आणि सुलतान अशी 3 इंजिनं, 14 डबे, 400 पाहुणे, आणि रेवाच्या हातात हार्बर लाइनचा पास. गंमत अशी की आजोबा बंबावरचं घड्याळ आपल्या आजच्या वेळेने लावतात. पण प्रमाणवेळ आली 1906 मध्ये. मुंबईची जुनी वेळ तिच्या 39 मिनिटं मागे. (मुंबईकरांनी ती 1955 पर्यंत सोडली नाही, यावरही एक पान होतं, ते जागेअभावी गेलं.) त्यामुळे जन्मभर गाड्या चुकवलेले आजोबा पहिल्यांदाच गाडीच्या आधी फलाटावर!

लिहिणं झालं, चित्रं झाली, प्रकाशक न शोधता स्वतःच छापायचं ठरलं. 24 पानं, सेंटर पिन बाइंडिंग, म्हणजे घडीवर मधोमध पिना. पानांची संख्या 4 च्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. इथवर सगळं सुरळीत.

घोडं अडलं सातव्या पानावर. बंब मागे जायला लागला की माणसांचं बोलणंही उलटं होतं. रेवा ओरडते, ‘बाजोआ, साब नरूध!’ म्हणजे ‘धरून बसा, आजोबा!’ मुलांनी पान उघडावं, अडखळावं आणि ओळ सापडली की खिदळावं, यासाठीच तर ते पान.

पहिलं प्रूफ आलं. ओळ सरळ! ऑपरेटर दादांनी वर समजूत घातली, ‘मॅडम, तुमच्याकडून उलटं टाइप झालं होतं. मी करून टाकलं नीट.’ मी म्हटलं, उलटंच हवंय. पुढच्या प्रूफात अख्खी ओळ आरशात पाहिल्यासारखी, अक्षरंसुद्धा पाठमोरी. मी म्हटलं, अक्षरं सरळ, क्रम उलटा. मग त्यांनी कुठल्याशा सॉफ्टवेअरला कामाला लावलं. त्याने ‘जोबा’मधले काने-मात्रे आधी आणि अक्षरं नंतर केली, काने ठिपक्याठिपक्यांच्या वर्तुळांना लटकून राहिले. मराठीत उलटं करायचं तर ‘जो’ हा अख्खा ‘जो’ म्हणून उचलावा लागतो. हे मी स्टुलावर बसून, कागदावर चौकोन काढून समजावलं. दादा म्हणाले, ‘पण मुलं चुकीचं शिकतील ना!’ यावर काय बोलणार?

ओळ एकदाची जमली, तर बाकीचा मजकूर बिघडला. प्रेसमध्ये जुना फॉन्ट, युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीचा. माझी फाइल त्यात रूपांतरित केली की ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुटा होऊन बाजूला उभा. त्यावर उपाय म्हणून दुसरा फॉन्ट घेतला, तर ल आणि श हिंदी वळणाचे. 2009 च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, पाठ्यपुस्तकांतून मुलं तेच गिरवतात, आणि माझ्या पुस्तकात रेवा ‘लोकल’ म्हणते ती भलत्याच वळणात! प्रेसवाल्यांना यात काही वावगं दिसेना. ‘वाचता येतंय ना?’ हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना, छपाईची प्लेट काढायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुद्रितशोधकांनी फायनल फाइलवर नजर टाकली आणि सातव्या पानावरची ओळ... हो. सरळ केली. मी शेवटची पीडीएफ बघायला मागितली म्हणून वाचलं. तेव्हा मी आवाज चढवला, आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

त्या रात्री घरी बसून सगळी फाइल स्वतः लावली. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू करा, मगच जोडाक्षरं नीट बसतात. आणि सर्वांत मोलाचं: मजकूर कर्व्ह करून मगच पीडीएफ द्या. कर्व्ह केलं की अक्षरं म्हणजे नुसती चित्रं. कोणाला कितीही उमाळा आला तरी काही सुधारता येत नाही. कर्व्ह न केलेली मूळ फाइल मात्र जपून ठेवा, पुढच्या आवृत्तीला लागते.

रंगांचं राहिलंच. पडद्यावर झगमगणारा जांभळा कागदावर मळकट उतरतो, म्हणून चित्रकाराला सुरुवातीपासून सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या 4 शाईंच्या रंगांत, काम करायला सांगा. चेहरे घडीवर आणू नका. आमच्या सुलतान इंजिनाचं नाक पिनेत गेलंय. मलपृष्ठावर बारकोडला जागा सोडा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, सरकारी संकेतस्थळावर अर्ज केला की फुकट मिळतो, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

पुस्तक छापून आलं. सातव्या पानावर ओळ उलटीच आहे. परवा एका वाचक आजींचा फोन आला, मुद्रणदोष कळवायला.