तीस टक्के नेमके कशाचे? अपघात दाव्यातला माझा अनुभव

अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी दावा लावल्यावर मला सर्वाधिक छळले ते अपंगत्वाच्या एका प्रमाणपत्राने. पोलीस, वकील आणि विमा कंपनी यांनी मिळून दिला नसेल एवढा मनस्ताप त्या एका कागदाने दिला, आणि त्याचा राग अजूनही पुरता गेलेला नाही.

महामार्गाच्या सेवा रस्त्यावर टेम्पोने माझ्या दुचाकीला धडक दिली आणि उजव्या पायाचे हाड घोट्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली, प्लेट बसली, पण घोटा पूर्वीसारखा वळेना. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा आणि टेम्पोच्या विम्याची प्रत पोलीस ठाण्यातून मिळाली आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघातांचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. अर्जाला सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे, त्यामुळे उपचार पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये; प्रमाणपत्र नंतर हजर करता येते.

ते हजर करण्यापूर्वी मिळवावे लागते, एवढीच अडचण. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय मंडळ ठरलेल्या वारीच बसते. त्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ रजेवर असले की पुढचा आठवडा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तर माझे कागद चाळून, "ताई, चाळीस टक्क्यांच्या आत बसाल, मग सवलत कुठली मिळणार? कशाला हेलपाटे घालता?" असे विचारले. चाळीस टक्क्यांची अट सरकारी सवलतींसाठी आहे, नुकसानभरपाईच्या दाव्याशी तिचा काही संबंध नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावत राहिले. अखेर प्रमाणपत्र हाती पडले तेव्हा त्यावर "३० टक्के कायमस्वरूपी अपंगत्व" एवढेच होते. हे तीस टक्के उजव्या पायाचे की संपूर्ण शरीराचे, याबद्दल एक अक्षर नव्हते, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी नेमके तिथेच बोट ठेवले.

या एका शब्दावर किती पैसे अवलंबून असतात, ते आमच्या वकीलबाईंनी कागदावर मांडून दाखवले. माझे शिवणकामाचे उत्पन्न महिना १२,००० रुपये धरले आणि वर्षाच्या कमाईला ३६ ते ४० या वयोगटासाठी ठरलेल्या गुणकाने, म्हणजे १५ ने, गुणले, तर आकडा २१,६०,००० होतो. त्याचे तीस टक्के म्हणजे ६,४८,०००; पायाचे तीस टक्के संपूर्ण शरीराच्या हिशेबात दहाच धरले तर २,१६,०००. शिवाय टक्केवारी डॉक्टरांनी लिहिली म्हणून कमाईही तेवढीच घटली असे न्यायाधिकरण आपोआप मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सांगितले आहे की, त्या दुखापतीमुळे त्या माणसाला त्याचा व्यवसाय कितपत करता येत नाही, हे पाहावे. मी पायाने मशीन चालवते. टेबलाशी बसून लिहिणाऱ्याचा घोटा आणि माझा घोटा कमाईच्या हिशेबात सारखे नाहीत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

वकीलबाईंनी अर्ज दिल्यावर न्यायाधिकरणाने रुग्णालयाला पत्र पाठवले, आणि जे मला महिनोन्महिने तोंडी सांगून मिळाले नव्हते ते त्या पत्रामुळे झाले: पायाची आणि संपूर्ण शरीराची टक्केवारी वेगवेगळी लिहून आली. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, मंडळापुढे जातानाच हा फरक लेखी अर्जात मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यायला सवड होईना, तेव्हा त्यांची साक्ष कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे साक्ष नोंदवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीमार्फत, त्यांच्या दवाखान्यातच नोंदवली गेली. ही सोय आहे हे आधी कुणी सांगितले असते तर बऱ्याच तारखा वाचल्या असत्या.

माझ्या कमाईतली घट पंचवीस टक्के धरली गेली. मला ती कमी वाटते, पण उलटतपासणीत मशीनची पायपट्टी कशी दाबावी लागते हे मी न अडखळता सांगितले, याचे समाधान आहे. रकमेतील काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश झाला.

एक सांगायचे राहिले. औषधांची मूळ बिले रुग्णाच्या नावानिशी घ्यावीत, आणि माझ्यासारखा घरगुती व्यवसाय असेल तर ग्राहकांच्या मापांची व पैशांची वही जपून ठेवावी. माझ्या उत्पन्नाचा दुसरा कोणताही पुरावा नव्हता, आणि न्यायाधिकरणाने तीच वही पाहून महिना १२,००० हा आकडा मान्य केला.